सगळं वरून ठरतं, निस्तरायचं खाली! सत्ता नक्की कुठे असावी?

गोदाकाठी (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुंपणावर बसल्याचा आरोप नको. निर्णय ज्यांना भोगायचाय, त्यांच्या हातात तो असला पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलट चाललंय.

कांदा घ्या. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या सगळ्या काळात लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याला ज्याच्या कांदाचाळीत माल होता, त्याला कोणी विचारलं?

आता आपलं नाशिक शहर घ्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. त्या काळात एवढ्या शहराचं अंदाजपत्रक एकाच अधिकाऱ्याने मांडायचं आणि त्यानेच मंजूर करायचं, असं चाललं. जकात होती तोवर पालिकेकडे हक्काचा पैसा होता. मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला. आता जीएसटीची भरपाई मुंबईहून कधी येते याची वाट बघायची. स्मार्ट सिटीला वेगळी कंपनी, कुंभाला वेगळं प्राधिकरण. निवडून आलेल्या नगरसेवकाला काम काय उरलं? फ्लेक्सवरून नमस्कार करायचं.

तर प्रश्न असा, की सत्ता खाली आणली की खरंच बरं होतं का? आपल्या पाहण्यातली उदाहरणं द्या. पक्षीय चिखलफेक कृपया नको.

सिडकोकर
शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो. दहाव्या प्रतिसादापर्यंत टिकलं तर मिसळ माझ्याकडून.

उन्हाळ_कांदा
कांद्याचं लिहिलंय ते खरंय, पण अर्धंच.

निफाड तालुक्यात आमची शेती. निर्यातबंदीच्या दिवशी लिलाव कसा कोसळतो ते बघितलंय, त्यामुळे दिल्लीची वकिली करणार नाही. पण बाजार समिती तर आपलीच ना? संचालक आपल्याच गावचे, अडते (कमिशन घेणारे दलाल) ओळखीचे, निवडणूक आपणच करतो. तरी बोली लावायला ट्रॅक्टरपुढे जे उभे राहतात ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी ठरवलं की भाव ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच शुल्काच्या विरोधात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. भांडण त्यांचं सरकारशी, माल सडला आमचा. लिलाव बंद करताना तरी आम्हाला कुठे विचारलं?

उलट फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हा २०१६ चा निर्णय मुंबईतून आला. आमच्या समितीने आपणहून तो शंभर वर्षांत घेतला नसता.

दिल्लीला शिव्या घालणं सोपं असतं. समोरच्या व्यापाऱ्याला घालून बघा. उद्या ट्रॅक्टर त्याच्याच पुढे उभा करायचाय.

मिश्किल
गाव करी ते राव न करी. आणि गावाने करून ठेवलेलं निस्तरायला परत रावच लागतो. :)

जमाखर्च
जकातीच्या आठवणीने डोळे पाणावलेल्यांसाठी: नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवतात का? पावतीवरचा आकडा आणि खिशात गेलेला आकडा? तो पैसा 'स्थानिक' होता एवढंच त्याचं कौतुक.

पण मूळ मुद्दा मान्य. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही होत नाही. त्या टेबलावर महापालिकेला खुर्चीसुद्धा नाही. नाशिकने आपल्या उद्योगांवर, आपल्या बाजारावर कर किती लावायचा हे नाशिक ठरवत नाही. हातात उरली घरपट्टी-पाणीपट्टी. ती वाढवायची म्हटली की नगरसेवकच आडवे येतात. २०१८ ला एका आयुक्तांनी करवाढीला हात घातला, तेव्हा थेट अविश्वास ठरावापर्यंत गेलं. तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. आता यात केंद्रीकरण कोणतं आणि विकेंद्रीकरण कोणतं, सांगा बघू.

पाटकरी
पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, आता निवृत्त. उदाहरणं मागितलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याच जिल्ह्यात बागलाणात मोसम, आरम नद्यांवर आणि तिकडे धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर लहान बंधारा, त्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल तर त्यातल्या सगळ्यांचा ऊस, पुढच्या फडात सगळ्यांचं भुसार. पाणी शेतकऱ्याने स्वतः भरायचं नाही, नेमलेला पाटकरी सगळ्यांचं भरणार. पिकाच्या राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे बसून ठरवायचं आणि एखादा फड सगळ्यांनी मिळून सोडायचा. यात सरकार कुठेच नाही.

पण नीट बघा, की 'माझ्या शेतात मी काय लावू' हे स्वातंत्र्यही यात नाही. मुंबईची सत्ता नाही, फडाची मात्र कडक आहे. ती चालली कारण पाटकरी, जमीनमालक, भांडणारा, निवाडा करणारा, सगळे रोज एकमेकांच्या तोंडासमोर. सरकारी कालवे आले, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलं पाणी झालं आणि फड सुटत गेले.

दुसरं उदाहरण वाघाड धरण, दिंडोरी तालुका. कालव्याच्या शेपटाला ओझरकडे पाणी पोचायचंच नाही. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आत वाटप संस्थेने करायचं, पट्टी संस्थेनेच वसूल करायची. पुढे सगळ्या कालव्यांवर संस्था झाल्या, मग त्यांची मिळून प्रकल्पाच्या पातळीवर एक संस्था. राज्याचा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला २००५ ला, म्हणजे काम आधी आणि कायदा मागून.

तेव्हा आमच्या खात्यातले बरेच जण म्हणायचे, शेतकरी मारामाऱ्या करतील. मारामाऱ्या आम्ही पाणी सोडायचो तेव्हाही व्हायच्याच, फक्त त्यांची नोंद व्हायची नाही.

वरणभात_तूप
सुंदर प्रतिसाद, पाटकरी काका. एक शंका. मोजून घेतल्याने नेमका काय फरक पडतो? पाणी तेवढंच ना?

पाटकरी
क्षेत्रावर पट्टी असली की एकरामागे ठरलेले पैसे भरले, मग रात्रभर बारं चालू ठेवा, कोण विचारतं. घनमापनावर संस्थेचा कोटा ठरलेला. वरच्याने जास्त घेतलं तर खालच्याचं किती गेलं ते आकड्यात दिसतं. आणि पाळी शेपटाकडून माथ्याकडे चालवायची. माथ्यावरच्याचा नंबर शेवटी, म्हणून शेपटापर्यंत पाणी लवकर पोचावं यासाठी चारी तोच साफ करतो.

नाथसागर
मी पैठणकडचा, या धाग्यावर पाहुणा. पाटकरी काकांनी लिहिलं ते मनापासून पटलं, फक्त माथा आणि शेपूट जरा मोठं करून बघा. गोदावरीचा माथा तुम्ही, शेपूट आम्ही.

नाशिक-नगरची धरणं वर, जायकवाडी खाली. 'निर्णय स्थानिक पातळीवर' हे तत्त्व जसंच्या तसं लावलं तर गंगापूर, दारणा, मुकणेचं पाणी कोणासाठी, हे नाशिक ठरवणार. मग आमच्याकडे पाणी येईल? प्रामाणिकपणे सांगा. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण झालं, त्याने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०१६ ला उच्च न्यायालयानेही ती चौकट कायम ठेवली. मुंबईतलं एक प्राधिकरण आणि एक न्यायालय, दोन्ही 'वरचे', म्हणून आम्हाला पाणी मिळालं. आणि तरीही दर दुष्काळी वर्षी तुमच्याकडे दरवाजांवर आंदोलन असतंच.

गोदाकाठी, तुम्ही म्हणता निर्णय भोगणाऱ्यांच्या हातात हवा. नाशिकच्या पाण्याचा निर्णय आम्हीही भोगतो. आमचा हात कुठे आहे?

द्राक्षवेल
नाथसागर भाऊ, पाणी सोडतात तेव्हा वाटेत नदीपात्रात किती मुरतं, किती उपसलं जातं ते पण लिहा. इकडे बागा सरपणाला जातात.

नाथसागर
लिहितो ना. आमच्याकडे उसाला किती जातं ते पण लिहितो. मग तुमच्या टँकरची संख्या आणि आमच्या टँकरची संख्या शेजारी शेजारी लिहू. चालेल?

सिडकोकर
पक्षीय नाही, प्रादेशिक युद्ध पेटलं. पैज तांत्रिकदृष्ट्या मीच हरणार असं दिसतंय.

मुक्तिभूमी
येवल्याहून. इतक्या प्रतिसादांत एक गोष्ट कोणी काढली नाही, म्हणून काढतो.

२ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दार कोणी बंद ठेवलं होतं? दिल्लीने नाही, लंडननेही नाही. स्थानिक पुजारी, पंच, गावातली वजनदार मंडळी. वर्षांमागून वर्षं लढा चालला, दार उघडलं नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना, त्यात खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानलंय याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. खेडं म्हणजे काय ते त्यांनी भोगलं होतं.

पाटकरी सर, फडाचं वर्णन वाचताना माझ्या मनात एकच आलं, की पाटकरी आणि जागल्या कोणत्या जातीचे असायचे, आणि निवाड्याला बसायचे कोण? 'तोंडासमोर' असणं हे बरोबरीच्या लोकांत चांगलं. ज्याचं तोंड बघायचं नाही असा नियम होता, त्याला ते तोंडासमोर असणं कसं वाटलं असेल?

मी विकेंद्रीकरणाच्या विरोधात नाही. पण वर अपील करता येणार नसेल तर ते विकेंद्रीकरण नाही, गावच्या पाटलाला मोकळं रान आहे.

पाटकरी
बिनतोड आहे. निवाड्याला जमीनवालेच बसायचे. आणि ज्याला फडात जमीनच नव्हती, त्याचा पाण्यावर हक्कही नव्हता.

सुरगाण्याची_लेक
मुक्तिभूमी दादांशी सहमत, तरी आमच्याकडची बाजू सांगते. आमचा तालुका पेसात, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्यात. १९९६ चा कायदा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. कागदावर ग्रामसभा राजा. गौण वनोपज, पाणवठे, लहान बाजार, सगळं तिच्या अखत्यारीत. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला.

आता प्रत्यक्षात काय होतं? ग्रामसेवकाकडे एकाहून जास्त गावं, तो ज्या दिवशी येईल तो ग्रामसभेचा दिवस. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला, पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. आमच्या पाड्याला आधी पूल हवा होता, पावसाळ्यात पोरं शाळेत जात नाहीत. आराखड्यात पूल लिहिला, तर वरून उत्तर आलं की या शीर्षात बसत नाही. मग जे शीर्षात बसतं ते बांधलं. पैसा खाली आला, पण अक्कल वरच राहिली असं त्यांना वाटतं बहुतेक.

आणि हो, सरपंचपती. २०११ पासून निम्म्या जागा बायकांना. सुरुवातीला आमच्या सरपंचबाई सही करायच्या आणि त्यांचे मालक बोलायचे. पुढे एका सभेत मालकांनी विहिरीची जागा भलतीकडे दाखवली, तेव्हा बाई उठून म्हणाल्या, पाणी आणायला मी जाते, तुम्ही खाली बसा. आरक्षण वरून आलं होतं, गावाने मागितलं नव्हतं. पण त्याचं काय करायचं ते तिथेच ठरलं.

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्याकडची काही गावं 'आम्हाला गुजरातला जोडा' म्हणाली होती. लोक हसले. मुंबईहून सुरगाणा किती लांब आहे ते नकाशावर दिसत नाही. मार्च २०१८ मध्ये याच भागातली माणसं नाशिकच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) चालत निघाली आणि मुंबईला पोचली, कारण वनहक्काचा दावा तालुक्यात अडकतो आणि कळ मंत्रालयातून फिरते.

मिश्किल
'तुम्ही खाली बसा', हेच खरं सत्तेचं खाली येणं.

फिफ्टी_हर्ट्झ
एकलहऱ्याला वीजनिर्मितीत काम केलंय. भावनेच्या भरात सगळंच खाली आणू नका एवढं सांगायला आलो.

ग्रिडची वारंवारता पूर्ण देशात एक, ५० हर्ट्झच्या आसपास धरून ठेवावी लागते. कोणी किती उचलायची हे प्रत्येकाने स्वतः ठरवलं तर काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. उत्तर, पूर्व, ईशान्य ग्रिड झोपल्या, साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात. त्या आधी काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. भारप्रेषण केंद्राने 'कमी करा' म्हटलं की कमीच करायचं, तिथे ग्रामसभा बोलवत नाहीत.

मात्र निर्मिती विखुरता येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प, त्यातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज. रात्री बिबट्याच्या भीतीने पाणी भरणाऱ्याला विचारा याचं मोल. निर्मिती गावाशेजारी, तोल सांभाळणं मात्र एका जागी.

सातपूरचा_लेथ
सगळे सरकारवर बोलताय. खासगी सत्तेचं काय?

माझं सातपूरला छोटं वर्कशॉप. स्वतःची मशिनं, स्वतःचा उंबरा, पाटीवर 'प्रोप्रायटर'. अर्थशास्त्राच्या हिशेबात मी म्हणजे विकेंद्रित उद्योग. पण माल जातो एकाच मोठ्या कंपनीला. भाव तिचा, ड्रॉइंग तिचं, रिजेक्शन तिचं. २००६ चा लघुउद्योग कायदा सांगतो ४५ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर व्याज. तक्रार करायची सोय पण आहे. केली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात. तो पण प्रोप्रायटरच.

उन्हाळ_कांदा, तुमचा ट्रॅक्टर आणि माझा टेम्पो एकाच रांगेत उभा आहे.

द्राक्षवेल
यावर आमच्याकडचा उतारा म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून काढलेली उत्पादक कंपनी. मोहाडीची सह्याद्री सगळ्यांना माहीत आहे. कायद्यात ही सोय २००२ च्या दुरुस्तीने आली. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. एकटा बागायतदार परदेशी खरेदीदारापुढे शून्य, हजारो मिळून गेलं की तोच बसा म्हणतो.

पण एक गंमत सांगतो. ताकद मिळवायला आम्हाला एकत्र यावं लागलं, म्हणजे थोडं केंद्रीकरणच केलं ना? कोणतं औषध कधी मारायचं, छाटणी कधी, काढणी कोणत्या दिवशी, हे आता माझं एकट्याचं राहिलं नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा कळलं की दुसऱ्याच्या बागेत काय फवारलं जातं हा माझाही प्रश्न आहे. आज निर्यातीची प्रत्येक बाग नोंदलेली, नमुना तपासलेला. कटकट वाटते. पण ती कटकट नसती तर सगळ्यांचंच दुकान बंद.

जमाखर्च
फक्त लक्ष ठेवा. सहकारी साखर कारखानेही असेच 'एक सभासद एक मत' म्हणून सुरू झाले होते. पुढे चेअरमनपद घराण्यात गेलं आणि सभासद वार्षिक सभेला फक्त जेवायला यायला लागले.

द्राक्षवेल
तेवढं जेवण तरी चांगलं असायचं.

गोदाकाठी
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मूळ मत सोडत नाही, पण नाथसागर यांच्या प्रश्नाला उत्तर देणं लागतं. पाण्याच्या बाबतीत 'स्थानिक' म्हणजे जिल्हा नाही, पूर्ण खोरं. जसं वाघाडला सगळ्या संस्थांची वर एक संस्था झाली, तसं खोऱ्याच्या टेबलावर पैठणची माणसं नाशिकच्या बरोबरीने बसली पाहिजेत आणि आकडे सगळ्यांसमोर मोजले गेले पाहिजेत. मुंबईच्या आदेशाची वाट दोघांनीही बघायला नको. मुक्तिभूमी यांची अपिलाची अट मला कोणत्याही रचनेत हवीच.

पण शहराचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. नाशिकमध्ये सत्ता 'खाली' म्हणजे कुठे? ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या आणल्या. आपल्याकडे सहा: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड. २०११ च्या जनगणनेत शहर १४ लाख ८६ हजार. म्हणजे एका समितीमागे सरासरी अडीच लाख माणसं. सुरगाण्याच्या ताईंकडे निदान ग्रामसभा आहे. मी मात्र कॉलनीतल्या गटारीबद्दल ज्या सभेत उभा राहून बोलू शकेन अशी एकही सभा नाही.

सुरगाण्याची_लेक
अरेच्चा, म्हणजे आम्ही पुढारलेले निघालो.

जमाखर्च
कायद्यात आहे की. २००९ च्या दुरुस्तीत क्षेत्रसभेची तरतूद आली, काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र आणि तिथल्या मतदारांची सभा. केंद्राचा निधी मिळवायची अट होती म्हणून केली. निधी आला, सभा राहून गेली.

फिफ्टी_हर्ट्झ
यात नगरसेवकांनाही रस नाही, अधिकाऱ्यांनाही नाही. लोकांपुढे दर काही महिन्यांनी हिशेब द्यायला कोणाला आवडेल?

गोदाकाठी
तीच मागणी लावून धरू या. आपल्या प्रभागातून निवेदन देऊ. मसुदा मी करतो, जमाखर्च यांनी कलमं तपासावीत.

मुक्तिभूमी
मसुद्यात एक स्पष्ट लिहा. त्या सभेत भाडेकरू आणि झोपडपट्टीतल्यांना बोलता येणार का? सोसायट्यांचे चेअरमनच 'नागरिक' म्हणून बसणार असतील तर मी येत नाही.

जमाखर्च
क्षेत्रसभा मतदारांची आहे, फ्लॅटमालकांची नाही. यादीत नाव असलं की झालं.

सातपूरचा_लेथ
मग आधी नावं चढवायला लागतील. आमच्या मागच्या वस्तीतल्या निम्म्या कामगारांची नावं अजून गावाकडेच आहेत. रविवारी सुट्टी असते, फॉर्म भरायला कोण येतंय?